‘अ’ अननसाचा, पण अननस कुणाचा? : चित्रपुस्तकांचा इतिहास आणि गडचिरोलीचे मूल

मराठी अंकलिपीचे पहिले पान आठवा. ‘अ’ अननसाचा. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर तो भारतात आला आणि पुढे आपल्या मुळाक्षरांत पहिल्या जागी जाऊन बसला. भामरागड किंवा एटापल्लीकडच्या चार वर्षांच्या माडिया मुलापुढे हे पान उघडले, तर फळ अनोळखी आणि त्याचे नावही अनोळखी. मोहाच्या फुलांविषयी, तेंदूच्या पानांविषयी ज्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, ते मूल इथे गप्प बसते. आजचा धागा या गप्प बसण्याविषयी आहे.

मुलांसाठी खास रचलेल्या सुरुवातीच्या सचित्र पाठ्यपुस्तकांत ज्याचे नाव आवर्जून घेतात, ते १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला छापले गेले : ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’. कर्ता कोमेनियस, मायभूमीतून परागंदा झालेला मोरावियन धर्मोपदेशक. पानावर एक चित्र, चित्रातील वस्तूंना आकडे, आणि त्या आकड्यांपुढे लॅटिन व जर्मन असे दोन्ही शब्द. शाळेची भाषा लॅटिन, घरची जर्मन. दोहोंच्या मध्ये चित्र. त्याची वर्णमाला तर याहून चतुर आहे. तिथे अक्षरे येतात ती प्राण्यांच्या आवाजांतून, आणि आरंभी ओरडतो तो कावळा. कावळा भामरागडलाही आहे! त्याचा आवाज काढायला मुलाला कोणतीच परकी भाषा यावी लागत नाही.

मराठीत मुलांसाठीची नियतकालिके एकोणिसाव्या शतकात सुरू झाली : आधी अमेरिकन मिशनचा ‘बालबोधमेवा’, मग विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ १८८१ मध्ये, आणि पुढे १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’. मोलाचे काम, यात शंका नाही. पण या सर्वांनी गृहीत धरलेला वाचक घरी मराठी बोलणारा होता. गोंडी आणि माडिया या द्राविडी कुळातील भाषा आहेत. त्या मुलाच्या दृष्टीने मराठी ही थोड्या वेगळ्या वळणाची बोली नसून सर्वस्वी दुसरी भाषा आहे, हे आपण फार सहज विसरतो.

हे गृहीतक प्रत्यक्ष कामातून बाजूला सारले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर ताराबाईंनी माँटेसरी पद्धती आत्मसात केली होती. परंतु १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केल्यावर ते महागडे साहित्य तिथे निरुपयोगी होते. त्यांनी शंख, खडे, बिया, पाने हेच शिक्षणसाहित्य केले आणि बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचा उगम तिथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये हेच कार्य वाढले. वस्तू आधी मुलाच्या ओळखीची असावी, नाव मागाहून यावे, हा त्यांचा क्रम चित्रपुस्तक निवडतानाही लावून पाहण्यासारखा आहे.

कायद्याने हे केव्हाच मान्य केले आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे संविधानाचे अनुच्छेद ३५० अ १९५६ पासून सांगते. तरीही धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी शाळा काढली, तेव्हा २०२२ मध्ये तिच्या हाती आली ती अनधिकृत शाळा म्हणून नोटीस.

मग आज कोणते पुस्तक घ्यावे? ‘आदिवासी चित्रशैली’ एवढ्या शिक्क्यावर मी घेणार नाही. ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ (तारा बुक्स, २००६) अप्रतिम आहे, बोलोन्याला गौरवलेले आहे. पण ती मध्य प्रदेशातील पाटणगढच्या परधान गोंड चित्रकारांची परंपरा आहे, माडियांची नव्हे. ते द्यावे, पण झाडांचे पुस्तक म्हणून. ‘हे बघ, तुमचे चित्र’ असे म्हणून नव्हे. उलट माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मधले घर आणि मजकूर दोन्ही मराठी असूनही ती पुस्तके इथे चालतील, असे मला वाटते. घरातली माणसे दिसली की मूल आपल्या घरातल्यांविषयी सांगू लागते, तेही आपल्या भाषेत. मजकूर बाजूला ठेवून चित्रावर बोलू देणारी अंगणवाडी सेविका मात्र हवी.

एक मार्ग अलीकडे खुला झाला आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर गोंडी भाषकांनीच अनुवादलेल्या सचित्र गोष्टी मोफत उपलब्ध आहेत. गोंडी मुलखागणिक बदलते, त्यामुळे एखादी छापील ओळ भामरागडच्या आजीला परकी वाटेलही. परवाना मुक्त असल्याने ती ओळ काढून, त्याच चित्राखाली आजीची ओळ घालून पुस्तक पुन्हा छापता येते.