विंचू चावल्यावर जीव वाचवणारी गोळी

मैंदर्गीसारख्या भागात दगड किंवा कडबा उचलताना विंचू चावणे नवे नाही. पण लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी धडधाकट माणसे दगावत, मुले तर अधिक.

1970च्या दशकात रायगडमधील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रुग्ण बारकाईने पाहिले. या विषाने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. त्यांची निरीक्षणे 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे त्यांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. ती आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. मृत्यू झपाट्याने घटले.

त्यांनी 70 रुग्णांवर केलेला अभ्यास 2011 मध्ये ‘बीएमजे’त आला. नुसत्या प्राझोसिनने 35 पैकी 8 जण दहा तासांत बरे झाले. सोबत विंचवाची प्रतिविष लस दिली तेव्हा 35 पैकी 32.

म्हणून लक्षात ठेवा: दंशानंतर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे, धाप यांपैकी काही दिसले, तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. लगेच दवाखाना गाठा.