चांद्याच्या भिंतीवरचा वाघ

रेल्वे मंत्रालयाने २०१८ साली देशभरातील स्थानकांच्या सुशोभीकरणाची स्पर्धा घेतली. पहिले पारितोषिक बल्लारशाह आणि चंद्रपूर या दोन शेजारी स्थानकांना विभागून मिळाले. मिथिला चित्रांनी नटलेले मधुबनी दुसर्‍या क्रमांकावर होते. चंद्रपूरकडील भिंतींवर ताडोबाचे अरण्य उतरले होते, आदिवासी चित्रशैलीही होती. पण मध्यभागी होता तो वाघ. दिल्ली-चेन्नई मार्गावरचा प्रवासी गाडीच्या खिडकीतून पाहतो त्या भिंतीवर आपली ओळख म्हणून एखादा जिल्हा काय रंगवतो, हा प्रश्न केवळ सुशोभीकरणाचा नाही. मधुबनीने आपली ओळख एका शैलीत शोधली, तर चंद्रपूरने ती एका प्राण्यात शोधली.

या शहराच्या भिंतींवर श्वापद प्रथमच आले असे मात्र नव्हे. गोंड राजांनी चांद्याला जो परकोट बांधला, त्याच्या दरवाजांवर हत्तीवर मात करणारे सिंहसदृश श्वापद कोरलेले आहे. ते गोंड राजसत्तेचे चिन्ह. त्याला 'गजशार्दूल' म्हणण्याचा प्रघात आहे, आणि येथे भाषेची एक गंमत दिसते. संस्कृतात 'शार्दूल' म्हणजे वाघ. शिल्पकारांच्या परिभाषेत मात्र तो आयाळ असलेला एक कल्पित पशू. ज्या मुलुखात सिंह नाही आणि वाघ उंबर्‍याशी येतो, तेथील राजाने दरवाजावर वाघाचे नाव आणि सिंहाचे रूप असलेला प्राणी बसवला. कारण त्याला अरण्याविषयी काही सांगायचे नव्हते. त्याला सत्तेविषयी सांगायचे होते. (नगराच्या स्थापनेची दंतकथा तर आणखी निराळी आहे. खांडक्या बल्लाळशहाच्या शिकारी कुत्र्यावर एक ससाच उलटून धावला आणि त्या सशाच्या वाटेने परकोटाची रेघ आखली गेली, असे ती सांगते. सशाला दरवाजावर जागा मिळाली नाही, हे दंतकथांच्या आणि राजमुद्रांच्या स्वभावाला धरूनच झाले.)

राजमुद्रेपासून काही कोसांवर वाघाची अगदी वेगळी प्रतिमा नांदत होती. 'ताडोबा' हे नाव तारू या गावप्रमुखावरून आले, असे मानले जाते. वाघाशी झालेल्या झुंजीत तारू मारला गेला, त्याचा देव झाला आणि तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे झाले. पौषात तेथे गोंड समाजाची जत्रा भरत असे. म्हणजे आज ज्या नावाने वाघ विकला जातो, ते नाव वाघाचे नाहीच. ते वाघाने मारलेल्या माणसाचे आहे. या एका गोष्टीकडे ताडोबाविषयीचे प्रशंसापर लेखन नेहमीच घाईने पाहून पुढे जाते.

महाराष्ट्रात इतरत्र दिसणारा वाघोबाही याच वळणाचा. दगडावर किंवा लाकडी फळीवर वाघ, सोबत सूर्य आणि चंद्र, वर शेंदूर. तो कोणा एका वाघाचे चित्र नसतो. त्याचे पट्टे मोजून ओळख पटत नाही, आणि पटवण्याची गरजही नसते. ती प्रतिमा म्हणजे एक करार असतो: तू आमच्या गुरांना सांभाळ, आम्ही तुझा मान राखू. अकोल्याच्या डोंगराळ भागात वाघबारस पाळतात, त्यामागेही हाच व्यवहार आहे. 'वाघोबा' या शब्दातील 'बा' आदराचा आहे आणि भीतीचाही. मराठीने हे दोन भाव एकाच प्रत्ययात बसवले.

नव्या भित्तिचित्रांतील वाघ या करारातून बाहेर पडला आहे. तो छायाचित्रावरून येतो. त्याच्यामागे १९५५ चे राष्ट्रीय उद्यान आहे, १९८६ चे अंधारी अभयारण्य आहे, १९९५ चा व्याघ्रप्रकल्प आहे. बोटेझरी, नवेगाव, जामणी अशा गावांचे पुनर्वसन आहे. आणि कॅमेरा आहे. कॅमेर्‍याने वाघाला व्यक्तिमत्त्व दिले. पट्ट्यांवरून क्रमांक ठरला, क्रमांकावर नाव चढले. वाघडोह, माया, मटकासुर. वाघ विशेषनाम झाला आणि त्यासोबत त्याला चरित्र आले. वाघडोह २०२२ मध्ये म्हातारपणाने गेला, तेव्हा वृत्तपत्रांनी मृत्युलेख लिहिले.

हे वाईट झाले असे मला म्हणायचे नाही. नाव असलेला वाघ नाहीसा झाला तर विचारणा होते. २०२३ च्या ऑगस्टनंतर माया दिसेनाशी झाली, तेव्हा शोध घेतला गेला. नोव्हेंबरमध्ये मिळालेल्या अवशेषांच्या डीएनए तपासणीनंतर तिचा मृत्यू निश्चित झाला. संरक्षणाच्या दृष्टीने भिंतीवरच्या लोकप्रियतेचा हा खरा उपयोग आहे, आणि तो थोडका नाही.

पण याच मायाच्या चरित्रात आणखी एक नोंद आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी कोलारा वनपरिक्षेत्रात पायी फिरणार्‍या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती वाघीण माया असल्याचे तेव्हा सांगितले गेले. वाघ मोजण्याचे काम करणारी बाई, आणि मोजल्या जाणार्‍यांतली सर्वांत प्रसिद्ध वाघीण. भित्तिचित्राच्या कलेला हा प्रसंग पेलत नाही. संरक्षणाच्या चित्रांत वाघाला निरपराध ठेवावे लागते. त्याच्या तोंडाला रक्त लागलेले दिसले की पाहणारा बिथरतो. म्हणून चित्रकार पाणी पिणारा वाघ काढतो, बछड्यांसोबतची वाघीण काढतो. तोंड उघडे असलेच तर ती जांभई असते.

शेंदूर लावलेल्या दगडाला ही अडचण नव्हती. तेथे मारणारा आणि राखणारा एकच होता आणि त्याला हात जोडणार्‍याला हे पुरते माहीत होते. नवे चित्र पाहणारा मात्र बहुधा प्रवासी असतो आणि पाच-दहा मिनिटांत त्याची गाडी सुटते. मोहफुले वेचायला पहाटे रानात जाणार्‍या बाईला या भिंतीवर काय दिसत असेल, हे आपल्या समीक्षेने अजून विचारलेले नाही. तिच्या मुलुखाच्या नावात तारू आहे. स्थानकाच्या भिंतीवर वाघ आला, तेव्हा तारूचे ठाणे तळ्याकाठीच राहिले.