खदानीत उतरणारे कुटुंब

जामसांवलीच्या पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाला नागपूरहून येणारी वाट सावनेरवरून सौंसरकडे जाते. त्याच सावनेरला, वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांच्यात २०१६ साली झालेल्या करारामुळे, हौशी प्रवाशांना भुयारी कोळसा खाण पाहता येऊ लागली. खाणीला या मुलखात ‘खदान’ म्हणतात, आणि मुलाबाळांसह खदानीत उतरणे ही येथे आज सुट्टीतली नवलाई वाटत असली, तरी एके काळी ते पोटासाठी होते.

सौंसरच्या भूमीचे महत्त्व शास्त्रज्ञांनी फार पूर्वी ओळखले. या तहसिलीवरून मँगनीजधारी प्राचीन खडकांच्या एका मोठ्या समूहाला ‘सौंसर’ हे नाव मिळाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस फर्मर यांनी १९०९ च्या आपल्या बृहद्ग्रंथात गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांच्या खडकाला गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ म्हटले. तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापारच्या नावाने त्यांनी एक खनिजही नोंदवले होते, पण ते आधीच ज्ञात असलेले बिक्सबाइट असल्याचे पुढे ठरले. पोलादातील प्राणवायू व गंधक यांचा दोष दूर करून त्याला बळकटी देणारे हे मँगनीज परदेशी भट्ट्यांकडे जात असे. खडकाला गोंडांचे नाव लाभले, पण तो फोडणाऱ्या हातांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि ही उणीव आजही बोचते.

असेच अनाम हात कोळशातही राबत होते. त्या काळी भारतातील कोळसा खाणींत पुरुषाने फोडायचे आणि स्त्रीने टोपलीतून वाहायचे, अशी कामाची जोडी सर्रास असे. १९२३ च्या खाण कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. १९२९ च्या नियमांनी स्त्रियांना भूगर्भातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढण्यास आरंभ केला आणि १९३७ मध्ये ही बंदी पूर्ण झाली. महायुद्धात कोळसा अपुरा पडू लागताच १९४३ मध्ये ती उठवली गेली. ज्या मध्य प्रांतात छिंदवाड्याचे पेंच–कन्हान कोळसाक्षेत्र होते, तोही प्रांत या सवलतीत आला. मजूर खात्याचा कारभार पाहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात या निर्णयाची बाजू मांडावी लागली. आपत्काळापुरता हा उपाय असल्याचे सांगतानाच, समान कामाला स्त्री-पुरुषभेद न करता समान वेतन मिळेल या तत्त्वावर त्यांनी भर दिला. नाइलाजाच्या निर्णयातही कष्टकरी स्त्रीचा हक्क नोंदवण्याची ही दृष्टी विशेष मोलाची आहे.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये बंदी परतली आणि १९५२ च्या खाण कायद्याने ती कायम केली. २०१९ मध्ये तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामांपुरती, तीही दिवसाच्या ठरावीक वेळेत व अटींसह, स्त्रियांना भूगर्भाची वाट मोकळी झाली. टोपली वाहणाऱ्या स्त्रीचे काम मात्र त्या सवलतीत मोडत नव्हते.