निडाचा धक्का : पाहुणे आणि यजमान

साहित्यिकांच्या घरांना भेट देण्याची एक रीत आता रूढ झाली आहे. आधी घर, मग लिहिण्याचे टेबल, मग खिडकीतून दिसणारा देखावा आणि शेवटी अभिप्रायाची वही. या क्रमात ज्या वाटेने लेखक त्या घरी आला ती वाट बहुधा गळून जाते, आणि त्या वाटेवर जे आधीपासून राहत होते तेही गळतात. लिथुआनियातील निडा या गावी आम्ही म्हणूनच क्रम उलटा धरला. टॉमस मान यांच्या घराची टेकडी चढण्यापूर्वी आम्ही खाली, पाण्याकाठच्या धक्क्यावर गेलो.

प्रथम भूगोल सांगावयास हवा, कारण येथला इतिहास भूगोलानेच घडवला आहे. बाल्टिक समुद्राच्या कडेने ९८ किलोमीटर लांबीचा वाळूचा एक दांडा पसरला आहे. दांड्याच्या पश्चिमेस खुला समुद्र, आणि पूर्वेस समुद्रापासून जवळजवळ तुटलेले, उथळ व बहुतांशी गोड्या पाण्याचे विस्तीर्ण खाजण. दांड्याचा उत्तरेकडील सुमारे ५२ किलोमीटरचा भाग आज लिथुआनियात आहे व उरलेला रशियात. निडा हे लिथुआनियाच्या बाजूचे दक्षिणेकडील टोकाचे गाव. येथील घरे समुद्राकडे पाठ करून खाजणाकडे तोंड करून उभी आहेत. गावाचे दार म्हणजे धक्का, हे त्या रचनेवरून सहज कळते.

या दारातून पाहुणे येऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८८५ मध्ये क्योनिग्सबर्गहून क्रान्त्सपर्यंत रेल्वे झाली. तेथून आगबोट खाजणातून उत्तरेस मेमेलकडे, म्हणजे आजच्या क्लाइपेडाकडे, जात असे आणि वाटेत निडाला थांबत असे. त्या काळी गावाचे जर्मन नाव निडन असे होते. हेर्मान ब्लोडे यांच्या खाणावळीत चित्रकार उतरू लागले. लोव्हिस कोरिंट आले, १९०९ मध्ये माक्स पेखश्टाइन आले, १९१३ मध्ये कार्ल श्मिट-रोटलुफ आले. वाळूच्या टेकड्या, काळ्या नावा आणि पाण्यावरून परतणारा प्रकाश यांनी जर्मन अभिव्यक्तिवादाला जे रंग दिले, त्यांचा उगम शोधायचा तर याही धक्क्यापर्यंत यावे लागते.

टॉमस मान येथे आले १९२९ च्या उन्हाळ्यात. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही जागा त्यांना इतकी भावली की त्यांनी टेकडीवर भाडेपट्ट्याने जमीन घेऊन बोरूच्या छपराचे घर बांधविले, आणि १९३०, १९३१ व १९३२ असे तीन उन्हाळे कुटुंबासह तेथे काढले. मराठी वाचकाला हा लेखक अगदीच परका नाही. वेताळकथेवर त्यांनी १९४० मध्ये लिहिलेली 'बदललेली मस्तके' ही दीर्घकथा गिरीश कर्नाडांच्या 'हयवदन'मागे उभी आहे, हे आपले विद्यार्थी जाणतात. निडाच्या घरात मात्र त्यांचे काम चालले होते ते 'योसेफ आणि त्याचे बंधू' या महाकादंबरीचे. ही कथा कनान व मिसरच्या भूमीवरची. १९३१ मध्ये म्यूनिक येथे या घराविषयी बोलताना मान यांनी निडाच्या वाळूचा संबंध सहाराशी जोडला होता. बाल्टिककाठच्या टेकड्यांकडे पाहत हा लेखक बायबलातील वाळवंट रचीत होता, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

परंतु हे घर एकांतवास नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश जर्मनीपासून तोडण्यात आला होता आणि १९२३ पासून तो लिथुआनियाकडे होता. सीमारेषा निडाच्या दक्षिणेस लगतच जात होती. तेव्हा दक्षिणेकडून आगबोटीने येऊन या धक्क्यावर पाय ठेवणारा जर्मन पाहुणा स्वभाषेच्या गावात, पण परक्या राज्यात उतरत असे. त्या सीमेपलीकडे जे घडत होते ते मान यांना टेकडीवरूनही दिसत होते. १९३२ च्या उन्हाळ्यात 'बुडनब्रोक्स' या त्यांच्या कादंबरीची जळालेली एक प्रत त्यांना टपालाने आली. ऑगस्टच्या आरंभी क्योनिग्सबर्गमध्ये नाझींनी हिंसाचार केला, तेव्हा त्यांनी निडाहूनच त्याविरुद्ध लेख लिहून बर्लिनच्या वृत्तपत्राला पाठविला. पुढल्या फेब्रुवारीत ते व्याख्यानांसाठी जर्मनीबाहेर गेले आणि परतले नाहीत. निडाचे घरही त्यांना पुन्हा दिसले नाही. १९३९ मध्ये हा प्रदेश जर्मनीने परत घेतल्यावर ते घर हेर्मान गोअरिंगकडे गेले. युद्धानंतर ते पडीक झाले. लिथुआनियन लेखक आंतानास व्हेंत्स्लोव्हा यांच्या प्रयत्नाने ते वाचले आणि १९९६ पासून तेथे संग्रहालय आहे.

येथवरची हकीकत संग्रहालयाच्या फलकांवरून व चरित्रग्रंथांतून कोणालाही मिळेल. आमचा प्रश्न यापुढचा आहे. धक्क्यावर जे उतरले त्यांची नावे आपण जाणतो. पण धक्क्यावर उभे राहून ज्यांनी त्यांना उतरून घेतले, ते कोण होते?

ते कुरोनियन कोळी होते. त्यांची स्वतःची भाषा होती, लाटव्हियनशी जवळचे नाते सांगणारी. घरात व नावेवर ती, शाळेत जर्मन, तर चर्चमध्ये दीर्घकाळ लिथुआनियन, असा त्यांचा त्रिभाषिक संसार होता. त्यांच्या भाषेत ग्रंथ नव्हते. जी लिपी त्यांच्या वाट्याला आली ती सरकारने दिलेली होती, आणि ती अक्षरांची नव्हती. १८४४ मध्ये मासेमारीच्या निरीक्षकाने नियम केला की प्रत्येक नावेच्या डोलकाठीवर आपापल्या गावाची निशाणी हवी, म्हणजे कोणती नाव कोठे जाळे टाकते ते दुरून ओळखता येईल. दांड्यावरच्या गावांना काळा-पांढरा, पूर्व किनाऱ्यास तांबडा-पांढरा, दक्षिण किनाऱ्यास पिवळा-निळा. देखरेखीची ही खूण कोळ्यांनी आपलीशी केली. पत्र्याच्या त्या साध्या चौकटीभोवती त्यांनी लाकडात घरे, झाडे, नावा, माणसे कोरली. हुकूम पाळता पाळता त्यातून कला कशी उपजते याचे याहून नेटके उदाहरण आम्हास ठाऊक नाही. आज तीच निशाणे निडाच्या काठावर उंच खांबांवर फिरताना दिसतात आणि पाहुणे त्यांची छायाचित्रे घेतात. त्यांच्यावरून गाव ओळखणारे मात्र तेथे नाहीत.

ते गेले कोठे? सोव्हिएत सैन्य जवळ आले तेव्हा, १९४४ च्या शरदापासून १९४५ च्या आरंभापर्यंत, दांड्यावरची गावे रिकामी झाली. थोडे लोक युद्धानंतर परतले. त्यांतलेही बहुतेक १९५८ च्या सुमारास पश्चिम जर्मनीत निघून गेले. ज्या भाषेला एका वाळूच्या दांड्यावर शतके काढता आली, ती जर्मन शहरांतून विखुरल्यावर एका पिढीत विझत गेली. निडाचेच पुत्र रिखार्ड पीच यांनी १९९१ मध्ये जर्मन-कुरोनियन शब्दकोश प्रसिद्ध केला. भाषेचा कोश सामान्यतः तिच्या भावी लेखकांसाठी असतो. हा कोश बोलणारे संपण्यापूर्वी केलेली मोजदाद होता.

येथे एक जुना दाखला आठवणे योग्य होईल. निडाच्या उत्तरेस कार्वाइचाई नावाचे गाव होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरकत्या वाळूने ते गिळले. त्या गावी १७७६ मध्ये जन्मलेले ल्युदव्हिकास रेझा पुढे क्योनिग्सबर्गला प्राध्यापक झाले. लिथुआनियन साहित्याचा पाया मानले जाणारे दोनेलाइटिस यांचे 'ऋतू' हे काव्य त्यांनी १८१८ मध्ये प्रथम छापले व १८२५ मध्ये लिथुआनियन लोकगीतांचा संग्रह काढला. स्वतःचे गाव वाळूखाली गेलेल्या माणसाने दुसऱ्यांचे काव्य कागदावर आणून वाचविले. यात योगायोगापलीकडचे काही आहे असे आम्हास वाटते. जे ठिकाणावर विसंबून राहते ते बुडू शकते, हे त्याने लहानपणीच पाहिले होते.

मान यांच्यावर यजमानांच्या विस्मरणाचा ठपका ठेवणे अर्थातच अन्यायाचे होईल. तेही याच शतकाच्या तडाख्याने घराबाहेर फेकले गेले. फरक इतकाच की त्यांची भाषा त्यांच्यासोबत जाऊ शकली. तिला छापखाने, प्रकाशक आणि देशोदेशींचे वाचक होते. कोळ्यांची भाषा नाव, जाळे आणि शेजार यांना बांधलेली होती, आणि ती तिन्ही एकाच हिवाळ्यात तुटली. निर्वासित लेखक ही संज्ञा आपण अभ्यासक्रमात शिकवितो. निर्वासित भाषा अशी संज्ञा आपल्यापाशी नाही, कारण जिला ग्रंथ नाही तिचा अभ्यासक्रमही नाही.

खाजणाकाठच्या लोकांत एक शब्द होता, शाक्टार्प. नावेला जाऊ न देण्याइतका जाड, पण घसरगाडीला न पेलण्याइतका पातळ असा बर्फ पाण्यावर धरतो, त्या काळाचे हे नाव. तेव्हा गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. वाट पाहणे एवढेच हाती उरे. निडाच्या धक्क्यावरून आज क्रान्त्सकडे आगबोट जात नाही. ती वाट युद्धाबरोबरच संपली. उन्हाळ्यात सहलीच्या नौका तेवढ्या लागतात. पाहुण्यांची गर्दी सरळ टेकडीकडे वळते, आणि वळावेही. ते घर पाहण्यासारखेच आहे. आमचे म्हणणे एवढेच की जो अध्यापक विद्यार्थ्यांपुढे या घराची गोष्ट सांगेल त्याने काही मिनिटे खालच्या निशाणांनाही द्यावीत, आणि जमल्यास शाक्टार्प हा एक शब्द फळ्यावर लिहावा. ज्या भाषेतून आपल्याला कादंबरी मिळणार नाही, तिच्यातून एक शब्द तरी जाणीवपूर्वक घेणे हेही वाचनच आहे.