पाथ-दोष (हिशेबाच्या संगणक-प्रणालींतील)

हिशेबाची प्रणाली ज्या ठिकाणी आपले दप्तर आहे असे धरून चालते, त्या ठिकाणी ते नसणे, अथवा असूनही तिला तेथवर पोचता न येणे, या अवस्थेस पाथ-दोष म्हणतात. रत्नागिरीच्या बाजारपेठेत, आंब्याच्या पेढीवर काय किंवा मासळीच्या व्यापाऱ्याकडे काय, ही तक्रार ‘टॅलीत कंपनी दिसत नाही’ (टॅली ही हिशेबाची प्रणाली, कंपनी म्हणजे तिच्यातील एका पेढीचे दप्तर) अशा शब्दांत येते; आणि हापूसचा हंगाम व ३१ मार्चची वर्षअखेर एकाच सुमारास येत असल्याने त्या शब्दांमागे मोठी धास्ती असते. जुन्या दप्तरखान्यात कागदांचा रुमाल दुसऱ्या फडताळात गेला आणि यादीतली नोंद तशीच राहिली, तर कागद शाबूत असूनही हाती लागत नसे. येथेही बहुधा तेच घडलेले असते.

टॅलीत दप्तराच्या ठिकाणाची नोंद ‘टॅली डॉट आयएनआय’ या लहानशा मजकूर-फाइलीत असते. तिच्या ईआरपी ९ आवृत्तीत प्रत्येक कंपनीचा डेटा १०००० यांसारख्या पाच आकडी नावाच्या फोल्डरात राहतो आणि पाथ, म्हणजे ठिकाणाचा पत्ता, द्यायचा तो त्याच्या वरच्या फोल्डराचा. घाईत आतल्या फोल्डराचाच पाथ दिला, की कंपन्यांची यादी रिकामी दिसते.

कारणांमध्ये कोकणाला विशेष जाचणारे कारण पावसाळ्यात वीज खंडित होण्याचे आहे. वीज परतल्यावर राउटर सर्व्हरला कधीकधी नवा आयपी पत्ता देतो, आणि ज्या पाथात जुना पत्ता आकड्यांनिशी लिहिलेला असतो तो तत्क्षणी निरर्थक होतो. म्हणून सर्व्हरचा पत्ता कायम करून ठेवणे, किंवा पाथात आकड्यांऐवजी सर्व्हरचे नाव लिहिणे, ही तजवीज ज्येष्ठ लागण्यापूर्वीच करावी. वनड्राइव्ह सुरू करताना ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर मुकाट्याने दुसरीकडे जाणे, नेटवर्क ड्राइव्हचे अक्षर बदलणे, विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा ओलांडली जाणे, ही इतर कारणे. १९८३ च्या एमएस-डॉस २.० ने फोल्डरांसाठी उलटी तिरपी रेघ पत्करली आणि युनिक्स परंपरेने सरळ तिरपी राखली. लिनक्स सर्व्हर असलेल्या कचेरीत हा भेद आजही फसवतो.

तपासाचा क्रम असा : पडद्यावर दिसणारा पाथ जसाच्या तसा उतरवून त्याच संगणकाच्या एक्सप्लोररमध्ये उघडावा, उघडत नसेल तर दोष पत्त्यात वा नेटवर्कात आहे. उघडत असेल, पण प्रणालीला दिसत नसेल, तर परवानगी आणि पाथातील ड्राइव्ह-अक्षर पाहावे, कारण वापरकर्त्याने जोडलेले ड्राइव्ह-अक्षर पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवेला ठाऊक नसते, तिला सर्व्हरच्या नावासह पूर्ण पाथच द्यावा लागतो. ‘टॅली डॉट आयएनआय’ फाइल सुधारण्यापूर्वी तिची नक्कल ठेवावी.

या सर्वांत अक्षम्य चूक एकच आहे. यादी रिकामी पाहून गोंधळलेला कारकून त्याच नावाची नवी कंपनी उघडतो, चार दिवस बिले भरतो, आणि मग जुना डेटा सापडतो तेव्हा एकाच पेढीची खतावणी दोन ठिकाणी झालेली असते. त्या दोहोंची रुजुवात करणे हे पाथ दुरुस्त करण्याच्या दसपट कष्टाचे काम आहे. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरासारख्या आपत्तीनंतर नव्या यंत्रावर बॅकअप उतरवताना हा धोका सर्वाधिक असतो, कारण जुन्या यंत्रावर पाथ काय होता हे सांगणारे तेथे काहीच उरलेले नसते. तो पाथ कागदावर लिहून हिशेबाच्या वहीत ठेवलेला असावा.