कापसाच्या पैशाचं ग्रंथालय

राजाबाई टॉवर सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना पसरलेली इमारत मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबचा. नोकरीला मुंबईत आलो तेव्हा ओव्हल मैदानात उभं राहून टॉवरचा फोटो काढला आणि पुढे गेलो. या इमारतीचं आमच्या काळ्या मातीशी काही नातं असेल, असं तेव्हा डोक्यातही आलं नाही.

नातं आहे आणि ते कापसाचं आहे.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला आणि सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानाकडे वळल्या. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होतं. इथल्या कापसाला व्यापारी अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणत. कळंबहून जवळ असलेल्या हिंगणघाटचा कापूस तर त्याच गावाच्या नावानं विकला जाई. भाव भडकले. गावोगावचा माल मुंबईकडे निघाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुरात सगळ्यात मोठं नाव होतं कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांचं.

1864 मध्ये प्रेमचंदांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी 2 लाख रुपये दिले. त्याच वर्षी घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी 2 लाख दिले आणि मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव लागलं. राजाबाईंना दिसत नव्हतं, सूर्यास्ताआधी जेवायचा जैन नियम पाळायला त्यांना घंटेचा आधार व्हावा म्हणून हा मनोरा, अशी गोष्ट सांगतात.

पुढच्याच वर्षी युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, प्रेमचंदही बुडाले. देणगी मात्र आधीच विद्यापीठाच्या हातात पडली होती. 1 मार्च 1869 रोजी पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर 1878 मध्ये काम पूर्ण झालं.

नकाशे केले लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. हा माणूस हिंदुस्थानात कधीच आला नाही. तरीही इमारत मुंबईच्या हवेला ओळखते. तिचं तोंड पश्चिमेला आहे. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा बराच जवळ होता आणि वारा थेट आत यायचा. कमानींच्या ओवऱ्या ऊन-पाऊस बाहेरच थोपवतात. उंच छतामुळे गरम हवा वर जाते. रंगीत काचांमधून येणारा उजेड डोळ्यांना टोचत नाही. विजेचा दिवा नसलेल्या काळात वाचणाऱ्याला काय लागेल, याचा विचार करून ही सजावट झाली आहे. शोभा त्या विचाराच्या मागून आली.

एवढी जुनी वास्तू दुरुस्त करायची म्हणजे जुन्या, चालू सिस्टिमला हात लावण्यासारखं आहे. काय काढायचं यापेक्षा काय काढायचं नाही, हे आधी कळावं लागतं. 2013 ते 2015 या काळात इंडियन हेरिटेज सोसायटीच्या पुढाकारानं इथलं जतनकाम झालं. वास्तुविशारद होत्या ब्रिंदा सोमाया. दगड, लाकूडकाम आणि रंगीत काचा यांना पुन्हा मूळचं रूप मिळालं. 2018 मध्ये युनेस्कोनं आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली.

या दुरुस्तीला पैसा दिला टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं. हे वाचलं आणि मी थबकलो. इमारत उभी राहिली कापसाच्या पैशावर, सावरली सॉफ्टवेअरच्या पैशावर. माझ्या गावाचं पोट कापसावर आणि माझं सॉफ्टवेअरवर. दोन्ही पैशांत आमच्यासारख्यांचा घाम आहे आणि दोन्ही वेळा ग्रंथालय मुंबईत झालं. विदर्भाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते 1923 मध्ये, नागपूरला. प्रेमचंदांच्या देणगीनंतर 59 वर्षांनी.

याचा दोष मी प्रेमचंदांना देत नाही. उलट त्यांच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ते आणखी एक वर्ष थांबले असते, तर द्यायला काही उरलंच नसतं. तेजीत दिलं म्हणूनच मागे राहिलं.

आज तालुक्याच्या गावांत अभ्यासिका निघाल्या आहेत. प्लायवूडचे कप्पे, चार्जिंगचा पॉइंट, भिंतीकडे तोंड करून बसलेली पोरं. स्पर्धा परीक्षेसाठी त्या लागतातच. पण कित्येक ठिकाणी खिडकी नसते आणि पुस्तकांचं कपाटही नसतं. तिथे येणारा प्रत्येक जण आपापलं पुस्तक घेऊन येतो आणि आपापलं पुस्तक घेऊन जातो.

कळंबला आम्ही चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जातो. खाली गारवा असतो, आवाज आपोआप कमी होतो. शांत जागा कशी असते, हे आमच्या गावाला कुणी लंडनहून नकाशे पाठवून सांगायची गरज नाही. गरज आहे ती पैशाची, आणि तो वेळेत देण्याची. सॉफ्टवेअरची तेजीही कायमची नाही, हे आता आम्हालाही कळायला लागलंय. दिवाळीला गावी जाईन तेव्हा शाळेतल्या जुन्या मित्रांसमोर हा विषय काढणार आहे. सुरुवात म्हणून एक खोली, एक मोठी खिडकी आणि सगळ्यांच्या मालकीचं एक कपाट पुरेल.