सौर वीज-खरेदी करार

सौर वीज-खरेदी करार : इमारतीच्या छपरावर सौर संच बसवून त्याची मालकी व देखभाल स्वतःकडे ठेवणारी कंपनी आणि त्या संचाची वीज ठरलेल्या दराने दीर्घ मुदतीसाठी विकत घेणारा इमारतधारक यांच्यातील करार. अशा करारांस कायदेशीर मान्यता मिळाल्याने काय साधले, हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आयोवा राज्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

विसाव्या शतकात तेथील अनेक राज्यांनी एका प्रदेशात एकाच कंपनीस वीजपुरवठ्याचा अनन्य अधिकार दिला. खांब व तारा यांची दुहेरी उभारणी टळावी, हा त्यामागील हेतू होता. मक्तेदारीच्या बदल्यात दरांवर शासकीय नियंत्रण आले. आयोवातील डब्यूक शहराने नगरपालिकेच्या इमारतीसाठी ईगल पॉइंट सोलर या कंपनीशी करार करण्याचे ठरविले, तेव्हा राज्याच्या नियामक मंडळाने २०१२ मध्ये ही कंपनी लोकोपयोगी सेवा ठरते, असा निर्णय दिला. त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या प्रदेशात तिला वीज विकणे अशक्य झाले. जिल्हा न्यायालयाने २०१३ मध्ये हा निर्णय फिरविला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०१४ रोजी जिल्हा न्यायालयाचे मत उचलून धरले. एका ग्राहकाच्या छपरावरील वीज त्यालाच विकणे म्हणजे सर्व जनतेस वीज पुरविणे नव्हे, असा या निकालाचा आशय होता.

आर्थिक दृष्ट्या निकालाचे महत्त्व करविषयक होते. सौर संचाच्या खर्चावर केंद्र शासन त्या वेळी ३० टक्के करसवलत देत असे. परंतु नगरपालिका, शाळा व चर्च यांना आयकरच नसल्याने ती निरुपयोगी होती. करारामुळे कंपनी सवलत घेऊ शकली आणि संस्थेस आरंभीचे भांडवल न गुंतविता वीज मिळू लागली. याउलट, विक्री घटल्यास तारांचा स्थिर खर्च उरलेल्या ग्राहकांवर पडेल, असा वीज कंपन्यांचा आक्षेप होता. तो निराधार नव्हता; मात्र विजेची काटकसर करणाऱ्या ग्राहकामुळेही हाच परिणाम घडतो.

पर्यावरणाच्या दृष्टीने पाहता, त्या काळी आयोवातील निम्म्याहून अधिक वीज कोळशापासून निर्माण होत असे. छपरावरील संचास वेगळी जमीन लागत नाही व वीजनिर्मितीच्या वेळी धूर वा राख निर्माण होत नाही. तथापि रात्री ग्राहक जुन्या जाळ्यावरच अवलंबून राहतो. त्यामुळे औष्णिक केंद्रांची गरज केवळ करारांनी संपत नाही.

जॉर्जिया राज्याने २०१५ मध्ये विधिमंडळाच्या कायद्याने असे करार वैध केले. नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१८ मध्ये ग्रीन्सबरो येथील एका चर्चला वीज विकणारी संस्था लोकोपयोगी सेवाच ठरविली. २०२२ च्या केंद्रीय कायद्याने करमुक्त संस्थांना सवलतीची रक्कम थेट देण्याची तरतूद केली आणि कराराचे एक मूळ प्रयोजन सौम्य झाले. सौर वीज कोणाच्या आवाक्यात येते, हे तंत्राइतकेच मालकी व कर यांविषयीच्या कायद्यांवर अवलंबून असते, असे या इतिहासावरून दिसते.